धार काढणाऱ्याचे हात

गोठ्यात शिरलो की मी म्हशीकडे नंतर पाहायचो, धार काढणाऱ्याच्या हातांकडे आधी. पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी झाली. अंबरनाथ, बदलापूर, वांगणी, मुरबाड हा सगळा टापू आधी सायकलीवर आणि मग मोटारसायकलीवर पालथा घातला. आता उल्हासनगर कॅम्प ४ मध्ये, मराठा सेक्शनात राहतो. गल्लीतले लोक मला अजून ‘डॉक्टर’ म्हणतात. मी डॉक्टर नाही. माझं काम लसी टोचायचं, नमुने घ्यायचं, वर कळवायचं. पण त्या कामानेच एक खोड लावली, ती ही हात बघायची.

म्हशीच्या सडांवर फोड आलेत आणि तिच्याखाली बसणाऱ्याच्या बोटांवरही आलेत, हे एकाच वेळी फक्त गोठ्यात दिसतं. पुढे वाटा फुटतात. म्हैस आमच्या खात्याकडे, माणूस गल्लीतल्या दवाखान्यात. तिची नोंद एका रजिस्टरात, त्याचा केसपेपर दुसरीकडे. जनावरांतून माणसांत येणाऱ्या विषाणूंचं संशोधन म्हटलं की लोकांना काचेची प्रयोगशाळा आणि पांढरे झगे आठवतात. ते सगळं लागतंच, पण सुरुवात होते हे दोन कागद शेजारी ठेवण्यापासून.

आमच्याकडच्या म्हशींचंच उदाहरण घ्या. ‘म्हशींची देवी’ नावाचा रोग आहे. सडांवर, कासेवर लाल ठिपके उठतात, त्यांचे फोड होतात, मग खपली धरते. दुखऱ्या सडाला म्हैस हात लावू देत नाही, लाथ झाडते. दूध कासेत अडकतं, दगडी होते, रतीब तुटतो. म्हैस सहसा मरत नाही आणि म्हणूनच कुणी कळवतही नाही. धार काढणाऱ्याच्या बोटांवर, मनगटावर तसेच फोड येतात, काखेत अवधाण येतं, दोन दिवस ताप. काही आठवड्यांत खपली पडून जाते. तेवढ्या काळात तो हळद-तेल लावतो आणि पुढच्या म्हशीखाली बसतो. विषाणूला आणखी काय हवं? आमच्या पट्ट्यातल्या तबेल्यांत तर गुजरातहून, हरियाणाहून ट्रकने म्हशी येत राहतात आणि भाकड झाल्या की परत जातात. कोणती म्हैस काय घेऊन आली, हे आधी कळत नाही.

२००९ च्या सुमारास सोलापूर आणि कोल्हापूर जिल्ह्यांत हा रोग पसरला, तेव्हा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेची माणसं गावोगाव गेली. म्हशींबरोबर माणसंही तपासली. २१ गावांत मिळून १६६ माणसांच्या अंगावर फोड सापडले. बहुतेकांचे हातांवर. हे आकडे कुठल्याही एका खात्याच्या रजिस्टरात सापडले नसते.

नमुना कसा घेतात, ते सांगतो. फोडातला द्रव घेतात किंवा खपली. खपलीत विषाणू बराच काळ टिकतो, म्हणून ती सोन्यासारखी जपायची. निर्जंतुक बाटलीत टाकायची, बर्फावर ठेवायची. बाटलीवर म्हशीचा बिल्ला क्रमांक, मालक, गाव आणि तारीख. चिठ्ठी निघाली तर पुढचं सगळं फुकट. प्रयोगशाळेत पीसीआर करून विषाणूच्या जनुकांचा तुकडा ओळखतात, पेशींवर विषाणू वाढवतात, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. देवीच्या कुळातले विषाणू तिथे विटेच्या आकाराचे दिसतात. नुसत्या डोळ्यांनी हे कळणं कठीण. शेळ्यांच्या ओठांवर येणारा ‘मावा’ही माणसाच्या बोटांवर असाच फोड उठवतो, पण तो वेगळा विषाणू.

म्हशींच्या देवीचं मूळ मोठं गमतीचं आहे. १७९६ मध्ये एडवर्ड जेन्नरने गवळणीच्या हातावरच्या गोस्तन देवीच्या फोडातला द्रव एका मुलाला टोचला आणि देवीची लस जन्माला आली. १८०२ च्या जूनमध्ये ती मुंबईत पोचली. ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली आणि तिच्यापासून पुढे देशभर. नंतर आपल्याकडे ही लस रेडकांच्या कातडीवर वाढवत असत. म्हशींच्या देवीचा विषाणू जनुकांच्या हिशेबाने या लसीच्या विषाणूचा अगदी जवळचा नातेवाईक आहे. लस टोचलेल्या माणसांकडूनच तो कधीतरी म्हशींत शिरला असावा, असा शास्त्रज्ञांचा एक तर्क आहे. १९३४ मध्ये लाहोरला या रोगाची पहिली नोंद झाली.

आणि आता तो माणसांत वरचेवर का दिसतो? माझ्या दंडावर देवी टोचल्याचा वण आहे. माझ्या मुलाच्या दंडावर आहे तो बीसीजीचा. १९८० मध्ये देवी जगातून गेल्याचं जाहीर झालं, टोचणं बंद झालं, आणि त्या लसीने म्हशींच्या देवीपासून आपोआप मिळणारं संरक्षणही गेलं. आज तबेल्यात धार काढणारी पोरं सगळी त्यानंतर जन्मलेली.

हा रोग सौम्य आहे, पण तो कुठे पोचतो यावर बरंच अवलंबून असतं. २००४-०५ मध्ये कराचीतल्या पाच जळीत विभागांत तो पसरला. भाजलेल्या जागी घरगुती उपाय म्हणून म्हशीची चरबी लावतात, त्यातून तो आला असावा असा संशय होता. मग रुग्ण एका विभागातून दुसऱ्यात हलवले गेले, तसा तोही हलला. आमच्या कॅम्पांत निम्म्या घरांची मुळं सिंधमध्ये. शेजारच्या सिंधी काकूंना हे सांगितलं तर म्हणाल्या, “भाऊ, आमच्याकडे आजी हेच लावायची.” भाजल्यावर नळाखाली थंड पाणी धरा आणि दवाखाना गाठा, हे मी त्यांच्या नातवंडांनाही सांगून ठेवलंय.

सगळेच विषाणू इतके सौम्य नसतात. २०११ च्या जानेवारीत अहमदाबादजवळ साणंद तालुक्यातल्या कोलाट गावची एक बाई रक्तस्रावी तापाने गेली. पाठोपाठ तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि परिचारिका. पुण्याच्या संस्थेने तो काँगो ताप असल्याचं ओळखलं. भारतात तो प्रथमच नक्की झाला होता. मग गावातल्या जनावरांचं रक्त आणि अंगावरच्या गोचिडी तपासल्या, तेव्हा खूण तिथेही सापडली. यातली गोम अशी की गाय, म्हैस, शेळी या विषाणूने आजारी दिसतच नाही. खाते-पिते, दूध देते. माणसाला तो गोचीड चावल्याने होतो, नाहीतर जनावर कापताना रक्त लागल्याने. म्हणून गोचीड बोटांनी चिरडू नका, असं मी गोठ्यागोठ्यात ओरडून सांगायचो. अशा विषाणूंवर काम करण्यासाठी पुण्यात पाषाणला अतिसुरक्षित प्रयोगशाळा २०१२ च्या डिसेंबरात सुरू झाली.

बर्ड फ्लू तर आमच्या जिल्ह्यातच येऊन गेला. देशातला पहिला २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला. मग २०२२ च्या फेब्रुवारीत आमच्याच जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत कोंबड्या मेल्या आणि भोवतीच्या टापूतले सुमारे २५ हजार पक्षी मारायचे ठरले. नवापूरला माणसं आजारी पडली नाहीत, पण २०२१ मध्ये हरियाणातला एक ११ वर्षांचा मुलगा दिल्लीत याच विषाणूने गेला. आणि २०२४ च्या मार्चमध्ये अमेरिकेत तो दुभत्या गायींत सापडला. गायींच्या कासेत, कच्च्या दुधात. तिथल्या धार काढणाऱ्या मजुरांचे डोळे लाल झाले, त्यातून माणसांतली लागण कळली. दूध तापवल्यावर विषाणू मरतो, हेही तेव्हा तपासून पाहिलं गेलं.

याउलट २०२२ मध्ये लंपी आला, तेव्हा श्रीराम चौकात मला रोज कुणीतरी अडवायचं, “डॉक्टर, दूध बंद करू का?” लंपी माणसाला होत नाही. तो गायींचा रोग, चावणाऱ्या माश्या आणि डासांनी पसरणारा. व्हॉट्सॲपवर फोटो फिरला की घाबरायचं आणि काँगोची गोचीड मात्र बोटांनी चिरडायची, असा आपला उलटा न्याय. कोणता रोग उडी मारतो आणि कोणता नाही, हे संशोधनातूनच कळतं. भीतीला ते कळत नाही.

नागपूरला ‘वन हेल्थ’ची राष्ट्रीय संस्था उभी राहतेय. २०२२ च्या डिसेंबरात तिची पायाभरणी झाली. माणूस, जनावर आणि भोवतालचा परिसर यांचं आरोग्य एकत्र पाहायचं, हा तिचा उद्देश. चांगलंच आहे. पण तिथवर खपली पोचायची तर ती आधी कुणीतरी गोठ्यात उचलली पाहिजे, आणि ते काम गोठेवाल्याशिवाय होणार नाही.

म्हणून माझं सांगणं साधं आहे. सडांवर फोड असलेल्या म्हशीची धार सगळ्यात शेवटी काढा, हातमोजे घालून, आणि आधी-नंतर साबणाने हात धुवा. हातावर फोड असेल तर दुसऱ्याला बसवा. दूध उकळूनच प्या. दवाखान्यात गेलात की डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता सांगा, “आमच्याकडे जनावरं आहेत, त्यांनाही असंच झालंय.” आणि जनावरासाठी १९६२ या मदत क्रमांकावर फोन लावाल तेव्हा घरात कुणाला ताप किंवा फोड असतील तर तेही सांगा, फोन ठेवायच्या आधी.