तंट्याची वही, आता कुलपासह

नांदेड-लातूरकडे भावकीतला बांधाचा तंटा पारावर मिटवायची रीत जुनीच. 2007 साली आर. आर. पाटील गृहमंत्री असताना तंटामुक्त गाव मोहीम आली आणि गावच्या तंटामुक्ती समितीकडे तंट्यांची नोंदवही आली. लवाद-मध्यस्थांसाठीचं सॉफ्टवेअर म्हणजे तीच वही. फक्त ती मुदतीची आठवण करून देते. देशांतर्गत लवादात कैफियती पूर्ण झाल्यापासून 12 महिन्यांत निवाडा द्यायचा, दोन्ही पक्षांच्या संमतीने आणखी 6. पण तारखा भिंतीवरचं कॅलेंडरही सांगतं. खरी मेख मध्यस्थीत आहे. 2023च्या मध्यस्थी कायद्यात गोपनीयतेचं कलमच आहे. धाकट्या भावाने मध्यस्थाला एकांतात सांगितलेला आकडा थोरल्याच्या मोबाइलवर दिसला, की बोलणी फिसकटलीच! म्हणून सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येकाचा कप्पा वेगळा. दोन्ही कप्प्यांच्या किल्ल्या मध्यस्थाकडे.