31 मेची मुदत, 17 मेचे वादळ

मुंबई महापालिकेच्या कागदावर पावसाळा 1 जूनला सुरू होतो. नालेसफाई 31 मेपर्यंत, रस्त्यांची खोदकामे बुजवणे 31 मेपर्यंत, झाडांच्या फांद्यांची छाटणीही त्याच्या आसपास. मेच्या अखेरच्या पंधरवड्यात आयुक्त नाल्यांच्या काठावर उभे राहून पाहणी करतात, वर्तमानपत्रांत टक्केवारी छापून येते आणि विरोधक ती खोटी असल्याचे सांगतात. ही दरवर्षीची रीत आहे. हवामान खात्याच्या हिशेबाने मुंबईत मोसमी पाऊस साधारण 11 जूनला पोहोचतो, त्यामुळे या वेळापत्रकात दहा-बारा दिवस हाताशी राहतात, असे वर्षानुवर्षे गृहीत धरलेले आहे.

मात्र 2021 ते 2025 या काळात शहराला बसलेल्या मोठ्या तडाख्यांपैकी तीन मे महिन्यातलेच होते. 17 मे 2021 रोजी तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याला समांतर गुजरातकडे गेले. 13 मे 2024 रोजी धुळीचे वादळ आले आणि घाटकोपरचा जाहिरात फलक कोसळला. 26 मे 2025 रोजी मोसमी पाऊसच सोळा दिवस आधी येऊन थडकला. तिन्ही वेळा पालिकेची यंत्रणा तयारीच्या मध्यावर होती. वादळानंतरची सफाई, साथीचे आजार आणि कामाला लागणारी माणसे हे तीन प्रश्न कागदावर तीन खात्यांचे असले, तरी वादळाच्या दिवशी ते सफाई कामगारांच्या एकाच हजेरी चौकीवर येऊन पडतात. त्या चौकीवर किती माणसे असतील, हे मात्र त्या दिवशी ठरत नाही.

तौक्तेच्या वेळी मुंबई करोनाच्या दुसऱ्या लाटेतून बाहेर पडत होती. दहिसर, मुलुंड आणि वांद्रे-कुर्ला संकुल इथली जम्बो कोविड केंद्रे तात्पुरत्या मांडवांत उभी होती. वारा वाढला तर छप्पर टिकेल का, हा प्रश्न होता. पालिकेने वादळाच्या दोन दिवस आधी निर्णय घेतला आणि दहिसरचे 183, वांद्रे-कुर्ला संकुलातले 243 आणि मुलुंडचे 154, असे एकूण 580 रुग्ण इतर रुग्णालयांत हलवले. ऐकायला हे सोपे वाटते. प्रत्यक्षात प्राणवायूवरचा एक रुग्ण हलवायचा म्हणजे रुग्णवाहिका, वाटेत पुरेल असा सिलिंडर, सोबत डॉक्टर किंवा परिचारिका, पलीकडे रिकामी खाट, केसपेपर आणि नातेवाइकांना फोन. हे 580 वेळा करायचे होते. लसीकरण त्या दिवसांत थांबवण्यात आले. वर्षभर आधी, 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळाच्या वेळी वांद्रे-कुर्ला संकुलातून सुमारे दीडशे रुग्ण वरळीला नेलेले होते, त्यामुळे काय काय लागते याचा अनुभव यंत्रणेच्या गाठीशी होता.

वादळ आले तेव्हा सांताक्रूझला चोवीस तासांत 230 मिलिमीटर पाऊस पडला, कुलाब्याला दोनशेच्या वर. मे महिन्यात असा पाऊस मुंबईने पाहिलेला नव्हता. वारा ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे गेला. दोन हजारांहून अधिक झाडे पडली. समुद्राने पोटातला प्लास्टिकचा कचरा गेटवे ऑफ इंडियाच्या फरसबंदीवर आणून टाकला.

पडलेले झाड उचलणे हे एका खात्याचे काम नसते. नियंत्रण कक्षाच्या 1916 या क्रमांकावर तक्रार येते, ती विभाग कार्यालयात जाते. झाड माणसावर किंवा गाडीवर पडले असेल तर अग्निशमन दल धावते. कापणीसाठी उद्यान खाते येते. खोड विजेच्या तारेत अडकले असेल तर वीज कंपनीने प्रवाह बंद केल्याशिवाय करवत लावता येत नाही. झाड सोसायटीच्या आवारातले असेल तर छाटणीची जबाबदारी सोसायटीची, पण तेच झाड रस्त्यावर आडवे झाले की ओरड पालिकेच्या नावाने. आणि कापून झाल्यावर उरलेला ढीग घनकचरा खात्याच्या माथी येतो. तिथे मोटर लोडर म्हणजे गाडीत कचरा चढवणारा कामगार उभा असतो. ओल्या फांद्या कॉम्पॅक्टरमध्ये दाबल्या जात नाहीत, त्यांना उघडा ट्रक लागतो. ट्रक नसेल तर ढीग आठवडाभर कोपऱ्यावर पडून राहतो.

इथून सफाईचा प्रश्न आरोग्याचा होतो. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत साधारण सात ते दहा दिवस पुरतात आणि त्याला नाला लागत नाही. शहाळ्याची करवंटी, टायर, छपरावरच्या ताडपत्रीची घडी, थर्माकोलचा डबा एवढ्यात त्याचे भागते. वादळानंतर या वस्तू रस्तोरस्ती विखुरलेल्या असतात. म्हणजे ढीग उचलायला आठवड्याहून अधिक वेळ लागला, की सफाईतला उशीर पुढे तापाच्या रुग्णांत मोजावा लागतो. मलेरियाचा शहरी डास अॅनोफिलिस स्टीफेन्सी मात्र गच्चीवरच्या झाकण नसलेल्या टाकीत वाढतो. तिथे कीटकनाशक खात्याचा कामगार शिडी चढून पोहोचतो आणि डासांची पैदास सापडली की 1888 च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 381 खाली नोटीस निघते. कायदा भक्कम आहे. शिडी चढणारे किती आहेत, यावर त्याचा उपयोग अवलंबून असतो.

लेप्टोस्पायरोसिसचे गणित आणखी घट्ट आहे. उंदीर, कुत्री, गुरे यांच्या मूत्रातले जंतू साचलेल्या पाण्यात उतरतात आणि पायाच्या जखमेतून शरीरात शिरतात. लक्षणे दिसायला बहुधा एक ते दोन आठवडे लागतात. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतरच्या आठवड्यांत शहराने हे भोगले. तेव्हापासून प्रत्येक तुंबईनंतर पालिका डॉक्सिसायक्लिनच्या गोळीची आठवण करून देते. पाण्यातून चालत आलेल्याने 72 तासांच्या आत डॉक्टरांना विचारून प्रतिबंधक गोळी घ्यावी, जखम असेल तर मात्रा वाढते, आणि वारंवार पाण्यात उतरावे लागणाऱ्याला आठवड्याला एक अशी सहा आठवडे. गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांसाठी औषध वेगळे.

यातला वारंवार पाण्यात उतरणारा, सर्वाधिक जोखमीचा गट कोणता? ज्याने फांद्या उचलल्या, गाळ काढला, गेटवेवरचे प्लास्टिक गोळा केले, तोच. शहर ज्याच्या हातांनी पूर्ववत होते, तोच आजाराच्या तोंडी पहिला असतो. म्हणून त्याच्या गमबूट-हातमोज्यांची खरेदी हा भांडार विभागाचा किरकोळ विषय राहत नाही. उंदीर मारण्याच्या कामाचेही तसेच. रात्री काठी आणि बॅटरी घेऊन फिरणाऱ्या मूषक संहारकांना एका रात्रीत तीस उंदीर मारण्याचे उद्दिष्ट असते. लेप्टोविरुद्धची पहिली फळी ती आहे.

माणसे नसतील तर आरोग्याचा निर्णय कसा कोलमडतो, याचा धडा मुंबईने फार पूर्वी घेतला होता. सप्टेंबर 1896 मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेग ओळखला. ऑक्टोबरमध्ये महापालिका आयुक्त पी. सी. एच. स्नो यांनी रुग्णांना सक्तीने वेगळे करण्याचे कडक हुकूम काढले. लोक बिथरले. महिनाअखेर गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. स्नो यांना त्याहून मोठी धास्ती होती ती सफाई कामगार शहर सोडून जाण्याची. ते गेले असते तर प्लेग राहिला बाजूला, मुंबई राहण्याजोगीच उरली नसती. आयुक्तांनी हुकूम सौम्य केले. त्या काळी ज्यांना माणूस म्हणून मोजले जात नव्हते, त्यांच्या संभाव्य गैरहजेरीने साम्राज्याच्या अधिकाऱ्याला माघार घ्यायला लावली. आर्थर रोडचे ते रुग्णालय आज कस्तुरबा म्हणून ओळखले जाते आणि साथीच्या दिवसांत मुंबईकर तिथल्याच तपासणी अहवालांकडे डोळे लावून बसतो.

सव्वाशे वर्षांनंतर प्रश्न हजेरीपटाचा आहे. सकाळी हजेरी चौकीवर मुकादम नावे पुकारतो ती कायम कामगारांची. त्यांच्या खालोखाल कंत्राटदाराची माणसे, त्यानंतर झोपडपट्ट्यांत सफाई करणाऱ्या संस्थांची माणसे. काम तेच, गटार तेच, पण आजारपणाची रजा, दवाखाना, भरपाई यांची दारे वेगवेगळी. कचरा वाहतूक श्रमिक संघाने अशाच 2,700 कंत्राटी कामगारांचा दावा लढवला. औद्योगिक न्यायाधिकरण, उच्च न्यायालय आणि अखेर एप्रिल 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालय, अशा तिन्ही पायऱ्यांवर त्यांना कायम करण्याच्या बाजूने निकाल लागला. तरीही कामे बाहेर देण्याचा ओघ थांबलेला नाही. 2025 मध्ये कचरा गोळा करणे आणि वाहून नेणे कंत्राटदाराकडे सोपवणाऱ्या निविदेवरून कामगार संघटनांनी संपाचे हत्यार उगारले. कंत्राट स्वस्त पडते असे प्रशासन सांगते. वादळाच्या रात्री जादा माणूस कोणाच्या हुकमाने येणार आणि तो आजारी पडला तर कोण बघणार, हे त्या हिशेबात धरलेले आहे का, ते निविदेची अटच सांगू शकते.

मे महिन्याची आणखी एक खोच आहे. हा रजेचा महिना. शाळा बंद, लग्नसराई, गावी जाण्याचे दिवस. त्यात निवडणूक आली की हाल विचारू नयेत. 2024 मध्ये मुंबईत लोकसभेचे मतदान 20 मेला होते आणि पालिकेचे हजारो कर्मचारी निवडणुकीच्या कामाला जुंपलेले होते. मतदानाला आठवडा असताना, 13 मेला, घाटकोपरच्या छेडा नगरात पेट्रोल पंपावर 120 फूट बाय 120 फुटांचा फलक कोसळला. पालिकेची मर्यादा 40 फूट बाय 40 फुटांची. जागा रेल्वे पोलिसांची असल्याने परवानगी कोणाची लागते, यावर आधी कागदी घोडे नाचले होते. सतरा जणांचा जीव गेला. मदतकार्य दोन दिवसांहून अधिक चालले, कारण पंपाखाली इंधनाच्या टाक्या होत्या आणि ठिणगी उडवणारी यंत्रे लोखंडाला लावणे धोक्याचे होते. राज्य सरकारने चौकशीसाठी निवृत्त मुख्य न्यायमूर्ती दिलीप भोसले यांची समिती नेमली.

26 मे 2025 चा प्रकार साधा होता, म्हणूनच जास्त बोलका. मुदतीला पाच दिवस शिल्लक असताना पाऊस आला. हिंदमाता, गांधी मार्केट इथे पुन्हा पाणी तुंबले. वरळीच्या आचार्य अत्रे चौक भूमिगत मेट्रो स्थानकात पाणी शिरले, तेही उद्घाटनाला महिना उलटण्याच्या आत. हिंदमाता, गांधी मार्केट, यलो गेट आणि चुनाभट्टी इथले उपसा पंप वेळेवर न चालवल्याबद्दल पालिकेने कंत्राटदारांना प्रत्येकी दहा लाखांचा दंड केला. पंप होते, पण ते वेळेवर चालले नाहीत. त्याच महिन्यात मिठी नदीच्या गाळ उपशात सुमारे 65 कोटींचा गैरव्यवहार झाल्याच्या आरोपावरून आर्थिक गुन्हे शाखेने गुन्हा नोंदवला. पालिकेने त्या वर्षी नालेसफाईच्या चित्रफिती तपासायला कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत घेतली होती. गाळाच्या गाडीचे वजन पडद्यावर तपासता येते. पंपाचे बटण दाबायला मात्र माणूसच हवा.

2021 मध्ये निदान जाब विचारायला महापौर, स्थायी समिती आणि 227 नगरसेवक होते. मार्च 2022 मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि पुढची जवळपास चार वर्षे आयुक्त हेच प्रशासक होते. प्रस्ताव मांडणारेही तेच आणि मंजूर करणारेही तेच. 2024 आणि 2025 ची दोन्ही संकटे याच काळातली. जानेवारी 2026 मध्ये निवडणूक होऊन सभागृह पुन्हा अस्तित्वात आले, त्यामुळे हे प्रश्न विचारण्याची जागा परत मिळाली आहे.

प्रश्न विचारायचे तर मेमध्ये विचारून उपयोग नाही. नालेसफाई 15 मेपर्यंत संपवायची असेल तर कार्यादेश फेब्रुवारीत निघायला हवा, म्हणजे निविदा वर्ष बदलण्याआधी. जादा ट्रक, करवती, पंपचालकांच्या तीन पाळ्या, चौकीपर्यंत पोहोचणाऱ्या डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या आणि गमबूट यांची तरतूद अर्थसंकल्पात लागते. तो आयुक्त साधारणपणे फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मांडतात. 2025-26 चा आकडा 74,427 कोटींचा होता. एवढ्या मोठ्या पुस्तकात मे महिन्यातल्या वादळासाठी कोणत्या खात्याच्या कोणत्या शीर्षाखाली किती रक्कम आहे आणि रिक्त पदांपैकी किती त्याआधी भरली जाणार आहेत, हे आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाने स्थायी समितीत विचारून घ्यावे. उत्तर इतिवृत्तात नोंदले जाते, आणि पुढच्या मेमध्ये ते काढून पाहता येते.