पंढरपूरचे हुसेन

सोलापूरकरांनो, चित्रकार एम. एफ. हुसेन आपल्याच जिल्ह्यातले, हे किती जणांना माहीत आहे? जन्म पंढरपूरचा, १९१५ सालचा.

आई ते तान्हे असतानाच गेली. तिचा फोटोही मागे उरला नाही. पुढे त्यांनी मदर तेरेसांची चित्रमालिका केली, ती पाहा. निळ्या काठाची पांढरी साडी, मांडीवर मूल, आणि चेहऱ्याच्या जागी नुसता अंधार. हुसेन समजून घ्यायला मी सगळ्यांना इथूनच सुरुवात करायला सांगतो.

मुंबईत ते सिनेमाची होर्डिंग्ज रंगवायचे. मोठी आकृती झपझप, न डगमगता उभी करणारा हात तिथे तयार झाला. १९४७ साली चित्रकार सूझांनी त्यांना प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये ओढलं. १९४८ साली दिल्लीतल्या प्रदर्शनात मथुरेची शिल्पं आणि बसोहलीची लघुचित्रं पाहिली आणि दिशा सापडली: शरीराचा बाक शिल्पातला, रंग लघुचित्रांतले. त्यांच्या चित्रांतल्या घोड्यांमागे मोहरमचा दुलदुल घोडाही आहे आणि चीनमध्ये पाहिलेली घोड्यांची चित्रंही.

माझं सर्वात आवडतं ‘बिटवीन द स्पायडर अँड द लॅम्प’, १९५६ चं. पाच बायका, एकीच्या हातातून धाग्याला लोंबणारा कोळी, वर न वाचता येणारी अक्षरं. त्याचा एकच एक अर्थ लावायचा हट्ट धरू नका, नुसतं बघत राहा.

दिल्लीला गेलात तर नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहातलं त्यांचं ‘जमीन’ (१९५५) मांडलेलं आहे का, ते जरूर विचारा.