नाइफमधला 'के' कुठे गेला?

पाचवीच्या वर्गात एकदा इंग्रजीचा धडा वाचून घेत होते. एका मुलीने 'नाइफ' हा शब्द 'क्निफे' असा वाचला. वर्ग हसला. मी तिला थांबवून म्हटले, "यातला 'के' सायलेंट असतो." तिने पुस्तकात पुन्हा एकदा निरखून पाहिले आणि विचारले, "बाई, बोलायचाच नाही, तर लिहिलाय कशाला?"

"ते तसंच असतं. पाठ कर," असे सांगून मी पुढच्या मुलाला उठवले. तास पार पडला, पण उत्तर देता आले नाही याची रुखरुख राहिली. त्या मुलीचे काय चुकले होते? 'के'चा उच्चार 'क' आणि 'एन'चा 'न' हे तिला आम्हीच शिकवले होते. शिकवलेले तिने इमानदारीने वापरले, इतकेच. पुढे वाचन करताना लक्षात आले, की तिचा 'क्न' हा उच्चार चारपाचशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमध्ये कुणालाही खटकला नसता. त्या काळी तिथली माणसे हा शब्द 'क' उच्चारूनच बोलत होती.

इंग्रजी शब्दकोशात 'के'पुढे 'एन' येणारे शब्द काढून पाहा. दोनतीन पानांत आटोपतात. नी (गुडघा), नील (गुडघे टेकणे), नकल (बोटाचा सांधा), नॉट (गाठ), निट (विणणे), नीड (कणीक मळणे), नॉक (ठोठावणे), नॉब (मूठ), नॉल (टेकाड), नो (जाणणे), नाइट (सरदार), नेव्ह (लबाड माणूस). मुलांकडून ही यादी करून घ्या आणि विचारा, की या शब्दांत सारखे काय दिसते? मुले बहुतेक सांगतील, की सगळे छोटे शब्द आहेत. बरोबर आहे. हे घरातले, शरीराचे, हातकामाचे शब्द आहेत. कचेरीत किंवा ग्रंथात शोभणारा भारदस्त शब्द यात जवळजवळ नाही. एखाद्या चौकस मुलाला आणखीही काही दिसेल. गुडघा, बोटाचा सांधा, गाठ, मूठ, टेकाड, हे सारे उंचवटे किंवा गोळे आहेत! यातले काही शब्द एकाच मुळातून फुटले आहेत, तर काही अर्थाच्या ओढीने एकमेकांजवळ आले असावेत.

असे छोटे, घरगुती शब्द सहसा भाषेतले सर्वांत जुने असतात. इंग्रजीच्या अगदी जुन्या अवस्थेत, म्हणजे हजार-अकराशे वर्षांपूर्वी, गुडघ्याला 'क्नेओ'सारखा शब्द होता, गाठीला 'क्नोत्ता'. तेव्हा तो 'सी' आणि 'एन' या अक्षरांनी लिहीत. 1066 साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले, लेखनिकांच्या सवयी बदलल्या आणि पुढे 'सी'च्या जागी 'के' आला. अक्षर बदलले, उच्चार मात्र 'क्न' असाच राहिला. 1400 साली वारलेला कवी चॉसर 'नाइट' हा शब्द 'क्निख्त' असा काहीसा उच्चारत असे. त्यातला 'के' बोलायचा आणि पुढचे 'जीएच'सुद्धा घशातून खरखरीत काढायचे! आज मुलांना छळणारी ही दोन्ही अक्षरे तेव्हा कामावर होती. या शब्दाचा मूळ अर्थ नुसता 'मुलगा, चाकर' एवढाच. इंग्लंडमध्ये त्याला बढती मिळून तो सरदार झाला. जर्मनमधला त्याचा भाऊ 'क्नेख्त' हा चाकरच राहिला. 'नेव्ह'चे उलटे झाले. तोही मूळचा 'मुलगा'च, पण घसरत घसरत लबाड ठरला.

1476 च्या सुमारास विल्यम कॅक्स्टनने इंग्लंडमध्ये पहिला छापखाना काढला. छपाई वाढत गेली तशी शब्दांची रूपे पक्की होत गेली. आणि नेमके त्याच सुमारापासून पुढची दोनतीनशे वर्षे इंग्रजीचे उच्चार झपाट्याने बदलत होते. 'क्न'मधला 'क' सतराव्या शतकात दुबळा झाला आणि अठराव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत शिष्ट बोलण्यातून गेला. सॅम्युएल जॉन्सनचा प्रसिद्ध शब्दकोश 1755 साली आला, तोवर 'क' बोलण्यातून निघून गेला होता, पण त्याचे घर कागदावर तसेच उभे होते. एखाद्या गावाला पिंपळगाव म्हणतात, पण पिंपळ कधीच पडलेला असतो, तसे हे आहे.

पण गेला का? 'क्न म्हणणे जिभेला कठीण' हे उत्तर पुरेसे नाही. जर्मन मुले आजही गुडघ्याला सहज 'क्नी' म्हणतात, डच आणि स्वीडिश मुलेही 'क' सोडत नाहीत. त्यांच्या जिभा काही वेगळ्या घडणीच्या नसतात. मात्र हा जोड नाजूक आहे हे खरे. वर्गात करून पाहण्यासारखे आहे. 'क' म्हणताना जिभेचा मागचा भाग टाळूच्या मागच्या बाजूला टेकतो आणि सुटतो. 'न' म्हणताना जिभेचे टोक वरच्या दातांच्या मागे टेकते आणि हवा नाकातून जाते. आता 'का' आणि 'क्ना' पाठोपाठ म्हणा. 'का'मध्ये 'क' सुटताक्षणी मोकळा स्वर येतो, आणि कानाला 'क' ओळखू येतो तो बराचसा या सुटण्यातून. 'क्ना'मध्ये तो सुटतो न सुटतो तोच जिभेचे टोक वाट अडवते. ऐकणाऱ्याला 'क' पुसट ऐकू येतो. लहान मूल ऐकूनच बोलायला शिकते. एका पिढीचा पुसट आवाज पुढच्या पिढीत आणखी पुसट होऊ शकतो. प्रत्येक भाषेत असे होईलच असे नाही. इंग्रजीत झाले.

याचा एक छान पडताळा इंग्रजीतच आहे. 'नॉलेज' (ज्ञान) या शब्दात 'के' मुका आहे, पण 'अॅक्नॉलेज' (मान्य करणे, पोच देणे) म्हणताना 'क' स्पष्ट ऐकू येतो. आधी स्वर आला, की 'क' त्या स्वराला टेकतो आणि 'न' पुढच्या स्वराकडे जातो. 'अॅक्-नॉ'. दोघांना स्वतंत्र आधार मिळाला, की भांडण मिटते.

'जी'पुढे 'एन' आला तरी तीच तऱ्हा. नॅट (चिलट) आणि नॉ (कुरतडणे) यांतला 'ग' असाच गेला. पण इथे एक सावधगिरी हवी. आफ्रिकेतल्या 'नू' या प्राण्याचे नावही 'जीएन'नेच सुरू होते, पण ते मूळचे तिकडच्या भाषांतले आहे. एका बाकावर बसली म्हणून सगळी मुले भावंडे नसतात.

'नो', म्हणजे जाणणे, या शब्दाचे गणगोत मात्र फारच लांबवर पसरले आहे. 1786 साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे सर विल्यम जोन्स यांनी सांगितले, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांतले साम्य योगायोगाचे असू शकत नाही, या भाषांचा उगम एकच असला पाहिजे. पुढे 1822 मध्ये याकोब ग्रिम यांनी (परीकथा गोळा करणाऱ्या दोन भावांपैकी थोरले) या साम्याचे नियम मांडले. त्यातला एक असा, की लॅटिन-ग्रीकमध्ये जिथे जुना 'ग' आहे, तिथे इंग्रजी-जर्मनच्या कुळात 'क' सापडतो. संस्कृतात त्याच जागी बऱ्याचदा 'ज' असतो. गुडघ्याला लॅटिनमध्ये 'गेनु', ग्रीकमध्ये 'गोनु', जुन्या इंग्रजीत 'क्नेओ' आणि संस्कृतात 'जानु'. हात गुडघ्यापर्यंत पोचतात तो आजानुबाहू, त्यातला हा जानु.

आणि जाणण्यासाठी? ग्रीकमध्ये 'ग्नो', लॅटिनमध्येही 'ग्नो', इंग्रजीत 'क्नो' आणि संस्कृतात 'ज्ञा'. म्हणजे ज्या 'के'ला आपण बिनकामाचा म्हणतो, तो आपल्या ज्ञानातल्या 'ज'चा सख्खा भाऊ आहे. इंग्रजी शब्द संस्कृतातून निघाला असा मात्र याचा अर्थ नाही. तसे सांगणारे उत्साही लोक भेटतात, त्यांना नम्रपणे थांबवावे. या भाषा बहिणी आहेत, मायलेकी नव्हेत. इंग्रजीने नंतर ग्रीक-लॅटिनकडूनही याच मुळाचे शब्द उसने घेतले. इग्नोरंट (अजाण), रेकग्नाइझ (ओळखणे), डायग्नोसिस (रोगाचे निदान). या तिन्हींत 'ग' उच्चारतात, कारण त्याच्या आधी स्वर आहे. सूर्यछायेवरून वेळ पाहण्यासाठी आपण अंगणात जो शंकू रोवतो, त्याचे इंग्रजी नाव 'नोमॉन'. ते 'जीएन'ने सुरू होते, 'जी' मुका असतो आणि मूळ ग्रीक अर्थ 'जाणणारा'.

इथवर आल्यावर मला वाटू लागले, की निदान मराठीत तरी ही कटकट नाही. आपण लिहितो तसे बोलतो. मग विज्ञानाच्या वह्या तपासायला घेतल्या. पहिल्याच वहीवर ठसठशीत अक्षरांत लिहिले होते, 'विद्न्यान'. मी लाल शाईने गोल केला आणि हात थांबला.

'ज्ञ' म्हणजे ज् अधिक ञ. आपण मराठीत त्याचा उच्चार करतो 'द्न्य'. हिंदी बोलणारे 'ग्य' म्हणतात, गुजराती 'ग्न'. जसा लिहिला आहे तसा 'ज्ञ' आपल्यापैकी कुणीच बोलत नाही. आपण या शब्दांचे लेखन संस्कृताप्रमाणे ठेवले आणि उच्चार मात्र वेगळा करतो. त्या मुलाने तर कानाने जे ऐकले तेच इमानदारीने लिहिले होते.

आणि जिथे आपण लेखनही उच्चारामागे जाऊ दिले, तिथे काय घडले तेही पाहण्यासारखे आहे. प्राकृतात 'ज्ञान'चे 'णाण' झाले. 'ज' गळाला आणि नाकातला आवाज तेवढा उरला. 'क्नो'चे 'नो' झाले तसेच हे. फरक इतकाच, की आपल्याकडे हे दीडदोन हजार वर्षे आधी घडले आणि प्राकृत लिहिणाऱ्यांनी गेलेल्या 'ज'ची जागा अडवून ठेवली नाही. मराठीत त्याच्या खुणा जागोजाग आहेत. 'राज्ञी'ची राणी झाली. 'आज्ञा'ची आण झाली, तीच आपण शपथ म्हणून घालतो. 'विज्ञप्ति'ची विनंती झाली, 'यज्ञोपवीता'चे जानवे झाले. 'स्नान' आणि 'न्हाण' ही जोडीही शेजारी ठेवून पाहा. 'न'च्या आधीचा 'स' सरला आणि त्याच्या श्वासापुरता 'ह' उरला. इंग्रजीत राणी हा शब्द असता, तर कदाचित तो आजही 'राज्ञी' असा लिहून 'राणी' असा वाचला असता, आणि तिथल्या बाईंनी 'ज सायलेंट' म्हणून सांगितले असते.

आता या शब्दांकडे वळताना मी यादी फळ्यावर लिहिते आणि पहिल्या दिवशी सगळा वर्ग 'के'सकट मोठ्याने वाचतो. क्नी, क्नॉट, क्नाइफ. पोरांना मजा येते. दुसऱ्या दिवशी 'क' हळू आवाजात, तिसऱ्या दिवशी नाहीच. दोनतीनशे वर्षांचा प्रवास तीन दिवसांत उरकतो आणि लिहिताना 'के' विसरणाऱ्यांची संख्याही बरीच घटते, कारण तो सगळ्यांच्या तोंडून एकदा गेलेला असतो. निबंधात 'विद्न्यान' आले, तर ते मी अजूनही चूकच धरते. परीक्षेत गुण जातात, त्याला इलाज नाही. पण गोल करून झाल्यावर समासात ज् अधिक ञ अशी फोड लिहून देते.