जीपचा मागचा आस

सातारा आणि सांगली या शेजारच्या जिल्ह्यांत जुन्या जीपगाड्या आजही दिसतात. साताऱ्याकडे त्या पसरणीसारखे घाट चढतात, तर सांगलीकडे उसाच्या फडातील चिखलातून वाट काढतात. या भागात प्रवासी भरून नेणाऱ्या खासगी गाडीला 'वडाप' म्हणतात. अनेक वर्षे वडाप म्हटले की जीपच डोळ्यांपुढे येई. अशा जुन्या गाडीचा मागचा आस झिजला किंवा तुटला, की मालक मिस्त्रीला म्हणतो, "आता जरा मजबूत बसवा." पण मजबूत म्हणजे नेमका कसा? ते आज आपण पाहू या.

प्रथम 'आस' हा शब्द समजून घेऊ. उर्दूत आस म्हणजे उमेद. मराठीतही 'ती आस' म्हणजे आशा. मात्र 'तो आस' म्हणजे दोन चाकांना जोडणारा दांडा. गॅरेजमध्ये त्यालाच अ‍ॅक्सल म्हणतात.

बैलगाडीचा आस तुम्ही पाहिला असेल. तो स्वतः फिरत नाही. तो गाडीचे वजन पेलतो आणि चाके त्याच्यावर फिरतात. ओढण्याचे काम बैल करतात. जीपला बैल नाहीत. तिचे इंजिन पुढे असते आणि चाके फिरवण्याचा जोर मागच्या आसापर्यंत न्यावा लागतो. म्हणून जीपच्या मागच्या आसाला दोन कामे असतात : वजन पेलणे आणि चाके फिरवणे.

हा आस म्हणजे एकच दांडा नसतो. बाहेर लोखंडी नळीसारखे कवच असते, त्याला हाउसिंग म्हणतात. मधल्या गोल पेटीत दातेरी चाके असतात. तेथून डावीकडे व उजवीकडे एकेक शाफ्ट निघतो आणि आपापल्या चाकाला फिरवतो. ही दोन कामे कोणी कोणती करायची, यावरून आसाचे दोन मुख्य प्रकार होतात.

पहिला प्रकार सेमी फ्लोटिंग. यात चाक शाफ्टच्याच टोकाला बसवलेले असते. शाफ्ट चाकाला फिरवतो आणि वजनही पेलतो. तो बाहेरच्या टोकाजवळ तुटला, तर चाक निखळून पडू शकते. घाटाच्या वळणावर असे झाले, तर काय होईल याची कल्पना करा.

दुसरा प्रकार फुल फ्लोटिंग. यात चाकाचा तुंबा, म्हणजे हब, हाउसिंगच्या टोकावर दोन बेअरिंगांच्या आधाराने फिरतो. वजन हाउसिंग पेलते, अगदी बैलगाडीच्या आसाप्रमाणे. शाफ्टला फक्त फिरवण्याचे काम उरते. तो तुटला तर गाडीची ओढ जाते, पण चाक जागेवर राहते आणि पायाचा ब्रेकही लागतो. ट्रक व एसटी गाडीचा मागचा आस याच प्रकारचा असतो. बसस्थानकावर उभ्या असलेल्या एसटीच्या मागच्या चाकाकडे नीट पाहा. मधोमध हब पुढे आलेला दिसेल आणि त्यावर बोल्टांचे कडे दिसेल.

दुसऱ्या महायुद्धातील विलीस जीपचा मागचा आस फुल फ्लोटिंग होता. त्यानंतरच्या नागरी जीपना सेमी फ्लोटिंग आस बसवू लागले. म्हणून नव्या मॉडेलचा आस जुन्यापेक्षा मजबूतच असेल, असे समजू नये. आधी त्याचा प्रकार पाहावा.

नंतर शाफ्टची जाडी पाहावी. पिळाला तोंड देण्याची शाफ्टची ताकद त्याच्या व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते. एक शाफ्ट 30 मिलिमीटरचा आणि दुसरा 33 मिलिमीटरचा आहे, असे समजा. 30 चा घन 27,000 आणि 33 चा घन 35,937. म्हणजे पोलाद एकाच प्रतीचे असेल, तर केवळ 3 मिलिमीटर जाडी वाढल्याने ताकद सुमारे एक तृतीयांशाने वाढते. उलट, झिजून बारीक झालेला शाफ्ट ताकद किती झपाट्याने गमावतो, हेही यावरून कळते.

तिसरी गोष्ट दातांचे प्रमाण. आसाच्या पेटीत एक लहान आणि एक मोठे दातेरी चाक असते. लहान चाकाला 8 दाते आणि मोठ्याला 43 दाते असतील, तर 43 भागिले 8, म्हणजे सुमारे 5.38 हे प्रमाण झाले. जुन्या नागरी जीपमध्ये हे प्रमाण आढळते. ते जितके मोठे, तितकी घाटात ओढ जास्त, पण वेग कमी. टॉप गिअरमध्ये इंजिन मिनिटाला 2,500 फेरे घेत असेल आणि टायरचा परीघ सव्वादोन मीटर असेल, तर 5.38 प्रमाणाने गाडी ताशी सुमारे 63 किलोमीटर जाईल. 4.27 प्रमाणाने तीच गाडी ताशी सुमारे 79 किलोमीटर जाईल, पण चढावर तिला दम लागेल. जीपची पुढची चाकेही इंजिनाने फिरत असतील, तर पुढचे आणि मागचे प्रमाण सारखेच हवे. नाहीतर चारही चाके जोडताच पुढची व मागची चाके एकमेकांशी झगडू लागतात आणि दाते मोडतात.

याशिवाय आसाची रुंदी, पाट्यांच्या बैठकीतील अंतर, चाकाच्या बोल्टांची जागा आणि ब्रेक जुळतात का, हेही मोजून पाहावे लागते. जुन्या बाजारातून आणलेला आस असेल, तर शाफ्ट रॉकेलने किंवा डिझेलने धुऊन कोरडा पुसावा आणि वर खडू फासावा. भेग असेल, तर आत शिरलेले तेल बाहेर येऊन खडूवर रेघ उमटते. अशी रेघ दिसली, तर तो शाफ्ट कितीही जाड असो, वापरू नये.

गाडीच्या नोंदणीत लिहिलेली माहिती बदलेल असा फेरफार 1988 च्या मोटार वाहन कायद्यानुसार मनाला येईल तसा करता येत नाही. म्हणून वेगळ्या प्रकारचा आस बसवण्यापूर्वी आरटीओ कार्यालयात विचारणे शहाणपणाचे असते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. मजबूत आस बसवला म्हणून गाडीत जास्त माणसे किंवा जास्त माल भरता येत नाही. आस टिकेल, पण जादा वजनाचा भार पाटे, टायर आणि ब्रेक यांच्यावर पडेलच. उतारावर गाडी थांबवण्याचे काम ब्रेक करतात, आस नव्हे. मजबूत आस हा सुरक्षिततेसाठी असतो, हव्यासासाठी नव्हे. मिस्त्रीने आपले काम चोख केले, तरी गाडीत किती माणसे बसवायची हे शेवटी चालकाच्याच हातात असते.

स्वाध्याय
1. बैलगाडीचा आस आणि जीपचा मागचा आस यांत कोणता फरक आहे?
2. फुल फ्लोटिंग आसाचा शाफ्ट तुटला तरी चाक का पडत नाही?
3. लहान चाकाला 11 दाते आणि मोठ्याला 47 दाते असतील, तर प्रमाण किती?