काळ्या कणांचा माग

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्याच्या धारूर, केज, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी अशा तालुक्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघतात, कित्येक महिने फडालगतच्या कोप्यांत मच्छरदाणीवाचून निजतात, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी गावी परततात. तेव्हा त्यांच्यापैकी एखाद्याला हुडहुडी भरून ताप आला, तर तो कोणत्या मुलखातील डासाने दिला हे सांगणे दुष्कर असते, कारण व्हायव्हॅक्स जातीचा परजीवी यकृतात महिनोन्महिने सुप्त राहून मग रक्तात उतरू शकतो. बीडमध्ये हिवताप गडचिरोलीसारखा ठाण मांडून बसलेला नाही, ही समाधानाची बाब खरी. परंतु जो रोग विरळ होतो त्याची शंकाही विरळ होते, आणि तापाच्या रुग्णाला आज प्रथम डेंग्यूच्याच दृष्टीने पाहिले जाते.

मात्र एक तपासणी जवळजवळ प्रत्येक तापकऱ्याची होते, ती म्हणजे रक्तपेशींची मोजणी, अर्थात सीबीसी. जांभळ्या टोपणाच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घेऊन तंत्रज्ञ ती हलक्या हाताने सातआठ वेळा उलटीसुलटी करतो, यंत्राच्या सुईखाली धरतो, आणि मिनिटाभरात आकड्यांचा कागद बाहेर येतो. या यंत्रांचे मूळ वॉलेस कुल्टर याच्या कल्पनेत आहे. सूक्ष्म छिद्रातून पेशी जाताना विद्युत्प्रवाहाला होणारा अडथळा मोजण्याच्या त्याच्या युक्तीला 1953 साली अमेरिकेत पेटंट मिळाले. लहान प्रयोगशाळांतील, पांढऱ्या पेशींचे तीनच गट पाडणारी तीन भागांची यंत्रे आजही मुख्यतः याच तत्त्वावर चालतात. त्यांचे पाच प्रकार वेगळे करणाऱ्या पाच भागांच्या यंत्रांत मात्र बहुधा लेझरचा झोत असतो, पेशी एकामागून एक त्यातून जातात, विखुरलेला प्रकाश निरनिराळ्या कोनांतून टिपला जातो, आणि पडद्यावर प्रत्येक पेशीचा एक ठिपका उमटतो.

या ठिपक्यांत हिवताप कसा दिसतो, हे समजण्यासाठी सव्वाशेहून अधिक वर्षे मागे जावे लागते. परजीवी तांबड्या पेशीतील हिमोग्लोबिन खातो. त्यातून सुटणारे हीम त्याला विषवत् असल्याने तो त्याचे काळसर स्फटिक करून ठेवतो, ज्यांना हिमोझोइन म्हणतात. अल्जीरियातील कॉन्स्तान्तीन येथे 1880 साली फ्रेंच लष्करी डॉक्टर लाव्हरानची दृष्टी अशाच काळ्या कणांनी वेधून घेतली, आणि त्यांच्याच मागाने तो जिवंत परजीवीपर्यंत पोहोचला. पुढे 20 ऑगस्ट 1897 रोजी, बीड ज्या निजामी राज्याचा तेव्हा जिल्हा होता त्याच राज्यातील सिकंदराबादच्या इंग्रजी छावणीत, ब्रिटिश लष्करी डॉक्टर रोनाल्ड रॉसला ॲनॉफेलीस डासाच्या जठरभित्तीत तेच कण आढळले. तो डास हुसेन खान नावाच्या रुग्णाचे रक्त प्यायला होता, आणि चावून घेण्याबद्दल त्या गरीब माणसाला डासामागे एक आणा मोबदला मिळत असे. रॉसच्या 1902 सालच्या नोबेल पारितोषिकाची हकिगत सांगताना हुसेन खानाचे नाव आपण आदराने घेतले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

हेच स्फटिक ध्रुवित प्रकाशाची दिशा फिरवतात. निरोगी रक्तात हा गुण मुख्यतः इओसिनोफिल पेशींच्या अंगी असतो, कारण त्यांच्या कणांची घडणच तशी आहे. परंतु मोनोसाइट आणि न्यूट्रोफिल या भक्षक पेशींनी हिमोझोइन गिळले, की त्यांचे ठिपकेही आपली जागा सोडून इओसिनोफिलच्या प्रदेशात जाऊन पडतात. जोहान्सबर्ग येथील मेंडेलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 साली सेल-डाइन यंत्रावर हे दाखवून दिले. हिवतापाची विचारणा नसलेल्या रक्तातही तो अशा रीतीने उघड होऊ शकतो, हे त्यातले मर्म होय. इतर बनावटींच्या यंत्रांत खुणा वेगळ्या असतात, कोठे मोनोसाइटच्या आकारमानातील विषमता वाढते, कोठे इओसिनोफिलची खोटी वाढ दिसते. म्हणून एका यंत्राचा नियम दुसऱ्याला जसाच्या तसा लावता येत नाही. तीन भागांच्या साध्या यंत्राला तर यातील लेझरची खूण दिसतच नाही. त्याच्या पदरी प्लेटलेट्सची घट तेवढी उरते, आणि ‘पेशी कमी झाल्या’ हे वाक्य डेंग्यूतही तितकेच खरे असते.

मर्यादा आणखीही आहेत. परजीवीच्या कोवळ्या वलयावस्थेत स्फटिक फारच थोडे असतात, आणि फाल्सिपेरमचे प्रौढ परजीवी सूक्ष्म रक्तवाहिन्यांना चिकटून अभिसरणातून दिसेनासे होतात, त्यामुळे घातक जातीचा हिवतापच यंत्राच्या हातून निसटू शकतो. उलट परजीवी नष्ट झाल्यावरही काही दिवस पेशींत स्फटिक उरतात. शिवाय रोग विरळ असला की गणितही विरोधात जाते. समजा, 1000 तापकऱ्यांत 5 जणांना हिवताप आहे, यंत्र त्यातील 4 पकडते, आणि हिवताप नसलेल्या शंभरांपैकी 5 जणांवर चुकून इशारा उमटवते. तर 4 खऱ्या इशाऱ्यांबरोबर सुमारे 50 खोटे इशारे हाती येतील. निदान म्हणून हा हिशेब टाकाऊ ठरेल. परंतु ज्यांच्या रक्ताची काचपट्टी एरवी कोणी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलीच नसती अशा 1000 जणांतून 54 काचपट्ट्या वेगळ्या काढल्या, आणि त्यांत चौघे सापडले, तर हा सौदा मला फार मोलाचा वाटतो.

काचपट्टीला पर्याय नाही. जाड थेंब आणि पातळ पसरण, 1944 साली दिल्लीच्या मलेरिया इन्स्टिट्यूटमध्ये सिद्ध झालेले जसवंत सिंग-भट्टाचार्जी रंजन, तेलात बुडवलेले शंभरपटीचे भिंग, आणि एकेक दृश्यक्षेत्र सरकवीत पाहणारा डोळा, एवढ्या सामग्रीनेच जात ठरते, संख्या ठरते, आणि औषध ठरते. यंत्राचा इशारा आला तरी तंत्रज्ञाला त्या पट्टीसाठी वेळ मिळाला नाही, तर कागदावरची खूण दप्तरातच पडून राहील. सबब यंत्राच्या खरेदीबरोबर माणसाच्या वेळेचीही तजवीज झाली पाहिजे.

अंबाजोगाईस, जुन्या मोमिनाबादच्या लष्करी कसब्यात, स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय उभे आहे. टोळ्या परतण्याच्या हंगामात तेथे येणाऱ्या प्रत्येक तापकऱ्याच्या ठिपक्यांचा आलेख आणि त्याची काचपट्टी एकत्र जपली, रुग्ण कोणत्या कारखान्याच्या फडावरून आला याची नोंद केसपेपरवर केली, आणि पट्टी वाचणाऱ्याला यंत्राचा इशारा आधी कळू दिला नाही, तर दोनतीन हंगामांत या जिल्ह्यापुरता इशारा कोणत्या मर्यादेवर बसवावा हे याच जिल्ह्यातील रक्तावरून ठरवता येईल.