‘बी प्लस’ची पत

वॉशिंग्टन : विस्कॉन्सिन ॲव्हेन्यूने उत्तरेकडे चढत गेले, की टेकडीवर नॅशनल कॅथीड्रलचे मनोरे दिसू लागतात. त्याच आवारात 1900 साली सुरू झालेली मुलींची शाळा आहे, नॅशनल कॅथीड्रल स्कूल. राष्ट्राध्यक्ष ओबामांच्या राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार सुझन राइस 1982 साली याच शाळेतून पहिल्या आल्या. शहराबाहेर मेरीलँडमध्ये हॉल्टन-आर्म्स ही 1901 ची शाळा आणि नदीपलीकडे व्हर्जिनियात 1906 ची मदीरा. ‘वॉशिंग्टन पोस्ट’च्या कॅथरिन ग्रॅहम मदीराच्या विद्यार्थिनी. अशा शाळांची वर्षाची फी आता 50 हजार डॉलरच्या वर गेली आहे, म्हणजे चाळीस लाखांहून जास्त रुपये.

ऑक्टोबर लागला, की या शाळांतल्या बारावीच्या मुलींच्या घरी दुसरा विषय नसतो. 1 नोव्हेंबर ही बऱ्याच नामवंत विद्यापीठांत लवकर अर्ज करण्याची शेवटची तारीख. त्याआधी गुणपत्रक पुन्हा पुन्हा उघडून पाहिले जाते आणि नजर अडते ती ‘बी प्लस’वर. अमेरिकेत ‘ए’ला 4, ‘बी’ला 3 आणि ‘सी’ला 2 गुण धरून चार वर्षांची सरासरी काढतात. ‘बी प्लस’ म्हणजे साधारण 3.3. आपल्याकडच्या टक्क्यांच्या भाषेत ती काही वाईट श्रेणी नव्हे. पण हार्वर्डने 2024 साली 54,008 अर्जांतून फक्त 1,937 जणांना प्रवेश देऊ केला. अशा ठिकाणी अर्ज करणाऱ्या मुलीला एवढीशी फटही खिंडारासारखी वाटते.

या उपनगरांत मराठी कुटुंबेही राहतात. त्यांचा प्रश्न सरळ असतो : शाळा हात आखडून गुण देते, शेजारच्या सरकारी शाळेत मुलीला सहज ‘ए’ मिळाला असता, मग एवढी फी भरून आपण तिचे नुकसानच करतो आहोत का?

या शाळा मुळात कडक का झाल्या, याचे उत्तर तासाभराच्या अंतरावर बाल्टिमोरमध्ये सापडते. 1873 साली बॉस्टनचे डॉक्टर एडवर्ड क्लार्क यांनी एक पुस्तक लिहून असे मांडले होते, की मुलग्यांच्या बरोबरीने अभ्यास केला तर मुलींची प्रकृती ढासळते. त्या मताचा बराच बोलबाला झाला. त्याला उत्तर म्हणून 1885 साली एम. केरी थॉमस, मेरी गॅरेट आणि त्यांच्या तीन मैत्रिणींनी बाल्टिमोरमध्ये ब्रिन मॉर स्कूल काढली आणि एक जबर अट घातली : ब्रिन मॉर या मुलींच्या कॉलेजची प्रवेश परीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय शाळेचे प्रमाणपत्र मिळणार नाही. मुलगी पुढे कॉलेजला जाणार असो वा नसो, परीक्षा द्यायचीच. पुढे ग्रीक संस्कृतीच्या लेखिका म्हणून नावाजलेल्या एडिथ हॅमिल्टन यांनी मुख्याध्यापिका म्हणून 1896 ते 1922 ही अट निभावली. याच मेरी गॅरेट यांनी जॉन्स हॉपकिन्सच्या वैद्यकीय महाविद्यालयाला मोठी देणगी देताना स्त्रियांना पुरुषांच्याच अटींवर प्रवेश देण्याचे बंधन घातले आणि 1893 साली ते महाविद्यालय त्या अटीसह उघडले. मुलींना गुण सवलतीने दिले, तर ‘पाहा, यांना झेपत नाही’ म्हणणाऱ्यांच्या हाती कोलीत मिळेल, हे या बायकांना पक्के ठाऊक होते. कडक तपासणी हे त्यांच्या मुलींचे संरक्षण होते.

आज संरक्षणाची गरज वेगळ्या कारणाने आहे. देशभर ‘ए’ स्वस्त झाला आहे. अमेरिकी शिक्षण खात्याच्या पाहणीनुसार हायस्कूल पूर्ण करणाऱ्यांची सरासरी 1990 मध्ये 2.68 होती, 2019 मध्ये ती 3.11 झाली. मुले तेवढी हुशार झाली म्हणावे, तर बारावीच्या राष्ट्रीय गणित चाचणीत 2019 च्या मुलांचे गुण 2009 च्या मुलांपेक्षा कमी भरले. दुसऱ्या एका अभ्यासात कॉलेजप्रवेशासाठीची सॅट ही परीक्षा देणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी ‘ए’ सरासरी असलेल्यांचे प्रमाण 1998 मधल्या 39 टक्क्यांवरून 2016 मध्ये 47 टक्क्यांवर गेल्याचे दिसले. महाराष्ट्राला हे अनोळखी नाही. 2025 च्या दहावीच्या निकालात 211 मुलांना शंभर टक्के गुण होते.

मग या बाजारात कडक शाळेचा ‘बी प्लस’ कोण ओळखणार? इथे एक साधा कागद कामाला येतो. त्याला ‘स्कूल प्रोफाइल’ म्हणतात. प्रत्येक अर्जासोबत शाळा तो पाठवते. वर्गात मुली किती, कोणते विषय शिकवले जातात, गुण कसे दिले जातात, वर्गातल्या श्रेणी कुठून कुठपर्यंत पसरल्या आहेत, मागल्या वर्षीच्या मुली कुठे गेल्या, हे सारे त्यात मांडलेले असते. अशा शाळा सहसा पहिला, दुसरा असा क्रम लावत नाहीत. विद्यापीठाने गुणपत्रक त्या कागदाशेजारी ठेवून वाचावे, अशी अपेक्षा असते. जोडीला काउन्सेलरचे, म्हणजे कॉलेजप्रवेशाचे मार्गदर्शन करणाऱ्या शाळेतल्या माणसाचे पत्र. दोन-तीन काउन्सेलर मिळून एका लहान वर्गाचे काम पाहतात, मुलीला नीट ओळखतात, तिचा रसायनशास्त्राचा ‘बी प्लस’ वर्गातल्या वरच्या श्रेणींपैकी आहे, हे लिहून देतात. विद्यापीठाच्या ज्या अधिकाऱ्याकडे तो प्रदेश असतो, त्याला शाळा वर्षानुवर्षे माहीत असते.

आईबापांच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून एवढ्यावर थांबता येत नाही. 2013 साली ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात मानसशास्त्रज्ञ डॉन मूर आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला. प्रवेश देणाऱ्या व्यावसायिकांपुढे त्यांनी अर्ज ठेवले आणि कोणती संस्था सढळ हाताने गुण देते, कोणती नाही, हेही सांगितले. तरीही निवड सढळ संस्थेतल्या मोठ्या आकड्यांकडे झुकली. तो अभ्यास मुख्यतः व्यवस्थापन अभ्यासक्रमांच्या प्रवेशांचा होता, पण माणसाचा डोळा आधी आकड्यावर जातो, हे त्यातून कळते. कडक शाळेतल्या मुलीची काळजी अगदीच निराधार नाही.

शाळांची पत केवढी आहे, हे मात्र 2018 च्या जूनमध्ये दिसले. वॉशिंग्टन परिसरातल्या आठ खासगी शाळांनी एकत्र येऊन जाहीर केले, की 2022 पर्यंत त्या ‘एपी’ अभ्यासक्रम बंद करणार. ‘एपी’ म्हणजे कॉलेजच्या पातळीचे विषय शाळेत शिकवून कॉलेज बोर्डाने देशभर घेतलेली बाहेरची परीक्षा. आठांत नॅशनल कॅथीड्रल आणि हॉल्टन-आर्म्स या मुलींच्या शाळा होत्या. आपले शिक्षक याहून खोल शिकवू शकतात, असे त्यांचे म्हणणे होते. निर्णयाआधी त्यांनी दीडशेच्या आसपास विद्यापीठांना विचारून घेतले होते, मुलांचे नुकसान होणार नाही ना? नाही, असे उत्तर मिळाले. गावाकडच्या एखाद्या सरकारी हायस्कूलने ‘एपी’ बंद केले, तर त्या मुलांची गुणवत्ता तोलायला विद्यापीठाच्या हाती फारसे काही उरणार नाही. नामवंत शाळेला आपल्या नावावर निभावता येते.

हे नाव सांभाळताना काउन्सेलरची दमछाक होते. सिडवेल फ्रेंड्स ही वॉशिंग्टनची मुलामुलींची शाळा. 2019 मध्ये तिथल्या काउन्सेलिंग विभागाच्या प्रमुखांना पालकांना पत्र लिहून बजवावे लागले, की नंबर लपवून केलेल्या फोनना काउन्सेलर उत्तर देणार नाहीत. त्याच वर्षी मार्चमध्ये सरकारी वकिलांनी लाच देऊन प्रवेश मिळवण्याचा देशव्यापी कट उघड केला. त्यात लॉस एंजेलिसची मेरीमाउंट ही मुलींची कॅथलिक शाळाही आली. एका अभिनेत्रीच्या मुली नौकानयनपटू आहेत, असे विद्यापीठाला भासवले होते. शाळेच्या काउन्सेलरने हा दावा खरा नाही, असा संशय बोलून दाखवला. मुलींच्या वडिलांनी शाळेत येऊन त्याला जाब विचारला. पुढे आईला दोन आणि वडिलांना पाच महिन्यांची कैद झाली. त्या प्रकरणात खटकले ते बोलून दाखवले पगारी काउन्सेलरने. या शाळांची खरी पुंजी अशी माणसे आहेत.

पण ही पुंजी कुणाच्या वाट्याला येते? 2023 च्या जुलैत हार्वर्डचे राज चेट्टी आणि सहकारी अर्थतज्ज्ञांनी बारा अतिनामवंत विद्यापीठांचा हिशेब मांडला. सॅटचे गुण सारखेच असताना, सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतली मुले मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून अधिक प्रमाणात तिथे पोहोचतात. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना दिलेली पसंती, खेळाडूंची भरती आणि अभ्यासाबाहेरच्या गुणांचे मूल्यमापन ही कारणे. त्या तिसऱ्या खात्यात खासगी शाळांच्या मुलांना जास्त गुण पडतात, आणि शिफारसपत्रे त्याच खात्यात मोजली जातात.

विद्यापीठांनाही हे जाणवले असावे. कोविडमध्ये सॅट ऐच्छिक झाली होती. एमआयटीने 2022 मध्ये ती परत आणली, 2024 मध्ये डार्टमथ, ब्राउन आणि हार्वर्डनेही. अनोळखी शाळेतली हुशार मुलगी या गुणांवरून ओळखता येते, असे डार्टमथने आपल्या अभ्यासाचा आधार देऊन सांगितले.

म्हणून आईबापांच्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर दुहेरी आहे. कडक शाळेत मुलीचे फारसे नुकसान होत नाही. तिला लिहायला, वाद घालायला, चुकून पुन्हा करायला शिकवले जाते, आणि तिचा ‘बी प्लस’ समजावून सांगणारे माणूस शाळा पदरी बाळगते. अन्याय होतो तो दुसऱ्या मुलीवर. तिच्याही सरकारी शाळेत एखाद्या कडक बाई असतात, पण त्यांच्या ‘बी’मागची मेहनत सांगायला तिथे कुणाला सवड नसते. शालेय काउन्सेलरांच्या राष्ट्रीय संघटनेच्या मते एका काउन्सेलरमागे 250 विद्यार्थी असावेत. 2022-23 मध्ये देशाची सरासरी 385 होती. कॅथीड्रलच्या टेकडीवरचा कडकपणा कमी करण्यापेक्षा टेकडीखालच्या शाळांना तो परवडेल अशी सोय करायला हवी.

महाराष्ट्रातून अमेरिकेला पदवीसाठी अर्ज करणाऱ्या मुलांशी याचा थेट संबंध आहे. ‘कॉमन ॲप’ या सामाईक अर्जाच्या संकेतस्थळावर अर्ज करताना शाळेचा अहवाल आणि प्रोफाइल आपल्याकडच्या शाळांनीही पाठवायचे असते. काउन्सेलर नसेल तर प्राचार्य किंवा शिक्षक ते करू शकतात. आपल्या कनिष्ठ महाविद्यालयात किती मुले शिकतात, पेपर कसे तपासले जातात, 85 टक्क्यांचा तिथे अर्थ काय, हे दोन पानांत नीट लिहिले तर परदेशातल्या वाचणाऱ्याला ते गुण कळतील. ज्या पालकांची मुले यंदा अकरावीत आहेत, त्यांनी हा कागद तयार आहे का, हे याच वर्षी प्राचार्यांना जाऊन विचारावे.